क्यांप डब्यातली गिरजाबाई

(खुर्सीपार, पोलाद कारखान्याजवळची कामगारवस्ती, १९६३चा हिवाळा. दुपारचं ऊन. अंगणात गिरजाबाई सुपात तांदूळ निवडत बसली आहे. तिचा मुलगा देवाजी, रेल्वेतला फिटर, आठ दिवसांनी आज सकाळीच बायको प्रेमलासोबत परतला आहे.)

गिरजाबाई : मंग? पुढं सांग ना. डबा उभा केला, मंग?

देवाजी : मंग काय, इंजन सोडून गेलं. आमचा क्यांप डबा न् साहेबाचा डबा, दोनच बाजूच्या लाइनीवर. दिवसा पुलाचं काम, चार वाजता सुट्टी.

गिरजाबाई : आन् समुद्र?

देवाजी : समोरच. दार सरकवलं का समुद्र.

गिरजाबाई : अगं माय व! दारातच? आन् सैपाक?

देवाजी : डब्यातच. एका कोपऱ्यात शेगडी, दोन बाजूनं बाकं, वर झोपाले फळ्या. चाकावरचं घरच समज. सकाळी चहा झाला का कप घेऊन रेतीत जाऊन बसाचं.

गिरजाबाई : किती मोठा असन रे समुद्र? शिवनाथ नदीयेवढा? पुरातल्या?

देवाजी : शिवनाथले दुसरा काठ आहे माय. याले नाई.

गिरजाबाई : काठच नाई? मंग पानी जाते कुठं?

देवाजी : येते न् जाते. येते न् जाते. दिवसभर तेच.

गिरजाबाई : बिनकामाचं? कारखान्यावर आमाले मुकादमानं येवढ्या रिकाम्या खेपा नसत्या करू देल्ल्या. घमेलं भरून या, नाई त हजेरी गेली! ...हास ना रे. मी हासून राहिली न् तू असं तोंड करून बसला.

देवाजी : हासतो ना.

गिरजाबाई : हासतो म्हने! सकाळी आला तवापासून भाकर तशीच आहे. अंबाडीची भाजी केली तुह्यासाठी, तिलेबी हात नाई लावला. तिकडच्या पान्यानं पोट बिघडलं का?

देवाजी : पोट बरं आहे. हे घे, शिंपले आनले तुले.

गिरजाबाई : बापा! केवढे गुळगुळीत. हा पाय, आतून कसा चमकते. तू येचले?

देवाजी : ...नाई. प्रेमलाच्या आईनं येचले.

गिरजाबाई : तुळसाबाईनं? बरं केलं बाई तिनं. कोरड्या हातानं नाई आली. फिरली ना मजेत?

देवाजी : फिरली.

प्रेमला : (अंगणात येत) अहो, धुणं वाळत टाकलं मी. तुमी बोलले का नाई मायजीसोबत?

देवाजी : बोलून राहिलो ना.

प्रेमला : काय बोलून राहिले, शिंपले न् समुद्र? मायजी, हे रातभर गाडीत बसून होते. डोळ्याले डोळा नाई. घरी गेल्यावर सांगतो, सांगतो, हेच चाललं होतं. गलती माझीबी आहे, माझ्या आईचीबी आहे. पण सांगायचं यांनीच. मी आत जाते.

गिरजाबाई : थांब व! काय झालं? डबा घसरला का? नोकरीवर काही आलं का?

प्रेमला : नाई मायजी. त्यांना विचारा.

गिरजाबाई : देवा, बोल बाप्पा. जीव घाबरून राहिला माहा.

देवाजी : माय, पासावर तुहं नाव होतं.

गिरजाबाई : (सुपातला खडा वेचून टाकते) सांग पुढं.

देवाजी : मी तुले म्हनलं होतं, रेल्वेचा फुकट पास फक्त बायकोचा भेटते, मायचा नाई भेटत. खोटं बोललो. बाप नसन, माय पोराजवळ राहत असन, त मायचंबी नाव असते. बाबूनं लिहून देल्लं होतं. फिटर देवाजी, पत्नी प्रेमला, माता गिरजाबाई.

गिरजाबाई : आन् तुळसाबाई? तिले त तिच्या मालकाचा पास आहे म्हनला होता तू.

देवाजी : तेबी खोटं. ते रिटायर झाले, यंदाचे पास संपले त्याईचे. प्रेमलाची आई म्हने, मरायच्या आधी एकडाव समुद्र पाहू द्या जावईबापू. मंग तुह्या नावावर तिले नेलं. तिकिटं पाहनाऱ्या टीटीनं विचारलं, गिरजाबाई कौन? तिनं हात वर केला. आठ दिवस ती गिरजाबाईच होती माय. चौकीदारबी आवाज दे, गिरजाबाई, पानी आ गया, बाल्टी लाओ. तो असा ओरडला का मी डब्याच्या मागं जाऊन बसो.

गिरजाबाई : तिनं म्हनलं न् तू नेलं. आपली सासूच आहे. येवढंच ना?

देवाजी : येवढंच असतं त मी सांगून नसतं देल्लं? सासूले त नाई म्हनता आलं असतं. खरी गोष्ट दुसरी आहे. बाजूच्या डब्यात इन्स्पेक्टरसाहेबाची फॅमिली होती. बाईसाहेब खुर्ची टाकून बसे, इंग्रजी पेपर वाचे. मी मनात म्हनलं, माय तिथं बिडी पेटवन. मोठ्यानं बोलन. बाईसाहेबाले इचारन, किती लेकरं व तुले? मले... मले तुही लाज वाटली माय.

गिरजाबाई : हं.

देवाजी : भंडाऱ्याले रातंदिवस बिड्या वळून तू मले शिकवलं. इथं येऊन घमेले वाहिले. त्याच बिडीची मले लाज वाटली. बोल ना काही. शिवी दे. दोन झापडा मार.

गिरजाबाई : तांदळात खडे आहेत. निवडू दे.

देवाजी : माय!

गिरजाबाई : तुळसाबाई पान्यात उतरली?

देवाजी : घोट्यापर्यंत.

गिरजाबाई : भ्याली असन.

देवाजी : हाव. प्रेमलाचा हात सोडे नाई.

गिरजाबाई : मी नसती भ्याली. कारखान्याची भट्टी बांधत होते तवा साठ फुटावर फळीवरून चालली मी, डोक्यावर घमेलं घेऊन. खाली पाह्यलं नाई कधी.

देवाजी : मले मालूम आहे.

गिरजाबाई : तुले एक मालूम नाई. विहारात सत्यशीलाबाई संध्याकाळी शाळा घेते बायाची. तीन महिने झाले, मी जाते म्हनून सांगतलं नाई तुले. जयंतीले सगळ्याईसमोर माहं नाव वाचून दाखवीन, पोरगा पाहत राहीन, असं होतं मनात.

देवाजी : तू वाचते?

गिरजाबाई : वाचते कुठं, धडपडते. तुमाले पोचवाले दुर्गच्या टेसनावर आली होती ना मी? भाकरीचं गाठोडं घेऊन? तू सामान चढवून राहिला होता. डब्याच्या दारावर जानाऱ्याईच्या नावाचा कागद चिकटवला होता, हिंदीत. मी सहज बोट लावलं. ग, त्याले पहिली वेलांटी. मंग र. ज, त्याले काना. पाटीच्या बाहेर पहिल्यांदाच माहं नाव दिसलं मले. देवा, दोनदा बोट फिरवलं मी त्याच्यावर.

देवाजी : म्हंजे तुले तवापासून...

गिरजाबाई : ऐक ना. मले वाटलं, पोरानं गंमत केली. नाई नाई म्हनला, आन् आखरी टाइमाले म्हनन, चाल माय, चढ वर. बाजूच्या डब्यात साहेबलोक आहेत हे मलेबी दिसलं होतं. लुगड्याचा पदर नीट केला. कमरेची बिडीची पुडी काढली न् रुळावर फेकून देल्ली. म्हनलं, पोराले मान खाली घालाची पाळी नको.

देवाजी : माय...

गिरजाबाई : मंग शिट्टी झाली. तू दारातून हात खाली देल्ला. मीबी वर केला होता. तू तुळसाबाईचा धरला.

देवाजी : मले दिसलं नाई व माय. खरंच नाई दिसलं.

गिरजाबाई : गर्दी होती. रडू नको, प्रेमला आतून पाहून राहिली.

देवाजी : फागुनात डबा पुन्हा जाते तिकडे. या डाव तूच येशीन. साहेब असो का कोनी असो. दारातच बसवीन तुले. बिडी मी पेटवून देईन.

गिरजाबाई : येईन ना. कावून नाई येईन? समुद्रावर माहा काय राग आहे?

देवाजी : आन् माह्यावर?

गिरजाबाई : भाकर खा पहिले. ...आन् देवा, त्या कागदावर माहं नाव दिसलं ना, त मी चढाच्या आधी तुले एकडाव विचारीन. हे मीच ना रे?