देवळात कोण कोण होतं

[सांगली. सरकारी वकिलांची कचेरी, वरचा मजला, दुपार. अनंत इथले वरिष्ठ. सांगली-साताऱ्याच्या आर्थिक गुन्ह्यांची प्रत्येक फाईल कोर्टात जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जाते. माया त्यांच्या हाताखालची सरकारी वकील. माणसं तीनच आहेत. त्यांची नावं मात्र मध्येच बदलतात.]

अनंत: ते सगळं ठीक. पण उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला तुझा साक्षीदार गळपटला तर?

माया: गळपटणार नाही, सर.

अनंत: कशावरून? जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. आधी न्यायाधीशाला नमस्कार घालेल, मग पट्टेवाल्याला, मग आरोपीला.

माया: आरोपीला नाही घालणार.

अनंत: लालासाहेबाला? अख्खं कडेगाव घालतं. जामिनावर सुटून आला तेव्हा गाडीपुढं फटाके लावले लोकांनी. त्यातले निम्मे त्याचेच ठेवीदार होते.

माया: बिराप्पा नव्हता त्यात.

अनंत: बरं, केस सांग. फाईल वाचलीय मी, तुझ्या तोंडून ऐकायचीय. थोडक्यात.

माया: लालासाहेबानं मेंढी कंपनी काढली. पैसे तुमचे, तुमच्या नावानं मेंढ्या घेऊ, राखणारी माणसं आमची, दर दिवाळीला नफा तुमच्या हातात. आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरून पैसे गोळा केले. मेंढी एकही घेतली नाही.

अनंत: पुढचं मी सांगतो. लालासाहेब म्हणतो, मी कुणाच्या दारात गेलो नाही, लोक आपणहून आले. जामीन त्याला याच वाक्यावर मिळाला.

माया: म्हणून तर बिराप्पा हवा. लालासाहेब त्याच्याकडे स्वतः गेला होता.

अनंत: हा म्हणतो गेला होता, तो म्हणतो नव्हतो गेलो. कोर्टानं बिराप्पाचंच का धरायचं?

माया: कारण लालासाहेबानं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून त्याला शब्द दिला.

अनंत: भंडारा म्हणजे हळद.

माया: देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन बोललं की विषय संपला. भावाभावांची भांडणं आमच्याकडे तिथंच मिटतात, कोर्टात येत नाहीत. खोटा भंडारा उचललेला माणूस मी आमच्यात बघितला नाही, सर.

अनंत: लालासाहेबानं उचलला की.

माया: तो आमच्यातला नाही.

अनंत: बिराप्पा आहे.

माया: हो.

अनंत: म्हणजे हा माणूस काही झालं तरी खोटं बोलणार नाही. असं तू मला सांगतेयस.

माया: मान कापली तरी.

अनंत: फार छान. बोलव त्याला. चहा सांग. आणि खाली बसायला लागला तर बसू देऊ नकोस, खुर्ची दे.

माया: मामा, या. हितं बसा. खुर्चीवर.

बिराप्पा: मी हुबाच बरा हाय.

अनंत: बसा, काका. आज तुम्ही आमचे पाहुणे. मामा म्हणते ही तुम्हाला, नातं आहे का?

बिराप्पा: न्हाई, सायेब. शेजारच्या वाडीतली पोर. हिच्या बापाबरबर मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो आमी. ही तवा एवढीशी. घोड्यावर बांधून न्यायचो, कोंबड्याच्या डालग्याशेजारी.

अनंत: कोंबड्यांशेजारी. हे तिनं नोकरीच्या अर्जात लिहिलं नव्हतं.

बिराप्पा: आता बगा की, सरकार झाली.

अनंत: झाली खरी. ऐका, काका. कोर्टात कसं बोलायचं त्याची आज तालीम करू. ही सरकार पक्ष. मी लालासाहेबाचा वकील. खरा नाही, घाबरू नका. तुम्ही तुम्हीच. साक्षीदार. कर गं सुरू.

सरकार पक्ष: लालासाहेब तुमच्याकडे कधी आले होते?

साक्षीदार: तुला ठावं हाय की, पोरी.

सरकार पक्ष: मला ठाऊक आहे, मामा. कोर्टाला नाही. कोर्टाला सांगा.

साक्षीदार: जत्रंच्या आदी. जीपगाडी घिऊन आला. म्हनला, बिराप्पा, बकरी इका, पैसं कंपनीत घाला, उतारवयात रानोमाळ कशापायी हिंडताय? म्या म्हनलं, चला देवळात, भंडारा उचला. आला. उचलला.

सरकार पक्ष: मग तुम्ही काय केलंत?

साक्षीदार: कळप इकला. समदा. कुत्रं सुदिक गेलं त्येंच्या मागनं. आमच्याकडं वळून बगितलं न्हाई.

सरकार पक्ष: एवढंच. माझी तपासणी संपली.

आरोपीचा वकील: कुत्र्याचं छान सांगितलंत, काका. ते कोर्टातही सांगा. आता माझी पाळी. लालासाहेबानं भंडारा उचलला तेव्हा देवळात कोण कोण होतं?

साक्षीदार: त्यो आन् मी.

आरोपीचा वकील: पुजारी?

साक्षीदार: पान्याला गेल्ता.

आरोपीचा वकील: म्हणजे हे फक्त तुम्ही पाहिलं आणि देवानं पाहिलं. देवाला समन्स काढता येत नाही. बरं, ते सोडा. तुमच्या वाडीतल्या लोकांनी कंपनीत पैसे घातले, ते कुणाच्या सांगण्यावरून?

माया: सर, हा प्रश्न आपण तालमीत...

आरोपीचा वकील: हरकत असेल तर सरकार पक्षानं उभं राहून घ्यावी.

सरकार पक्ष: हरकत आहे. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे साक्षीदाराला विचारता येणार नाही.

न्यायाधीश: हरकत फेटाळली. न्यायाधीशही मीच आहे, काका, माणसं कमी आहेत. बोला तुम्ही.

साक्षीदार: माज्या सांगन्यावरनं घातलं.

आरोपीचा वकील: तुम्ही नुसतं म्हणालात आणि लोकांनी घातले?

साक्षीदार: न्हाई, कुटलं. ऐकनातच. म्हनली, त्या लालासाबाचा काय भरवसा. मग जत्रंत म्या भंडारा उचलला.

आरोपीचा वकील: तेव्हा देवळात कोण कोण होतं?

साक्षीदार: समदी वाडी. बाया, पोरं, समदी.

आरोपीचा वकील: मूठ धरून काय बोललात? अगदी तसंच म्हणून दाखवा.

माया: मामा, ऱ्हाऊ द्या. नगा सांगू.

साक्षीदार: का गं? हाय त्ये हाय. म्हनलो, ह्या पैशाला धक्का लागला तर बिरोबा माजा वंस बुडवील. मग आदी कोंडीबा उटला. म्हनला, बिराप्पानं उचललाय, आता काय इचारायचं. त्येच्या मागनं बाया आल्या.

आरोपीचा वकील: म्हणजे लालासाहेबाच्या जीपला कुणी भुललं नाही. तुमच्या मुठीला भुललं.

साक्षीदार: व्हय. तसंच झालं.

अनंत: झाली तालीम. चहा घ्या, काका, निवतोय. फार सरळ बोलता तुम्ही. माया, ऐकलंस?

माया: सर, आपण बाहेर बोलू.

अनंत: इथंच बोलू, त्यांच्यापासून काय लपवायचंय? साक्षीदार म्हणून हा माणूस आपली केस बुडवतो. मी विचारलं तेच लालासाहेबाचा वकील विचारणार, आणि हे उत्तर देणार. गोड वाटतं ऐकायला. पण त्याचा अर्थ एकच, लोकांना याने ओढलं, लालासाहेबानं नाही.

माया: मग साक्षीदारांतून काढून टाका त्यांना.

अनंत: टाकून कशाला द्यायचं? खुर्ची बदलायची. याला पलीकडे, आरोपीच्या जागी नेऊन उभा कर. पोलिसांना वाडीचे पुरवणी जबाब घ्यायला लाव. कोंडीबा सांगेल, बाया सांगतील, बिराप्पानं भंडारा उचलला म्हणून आम्ही पैसे घातले. प्रलोभन दाखवलं हे सिद्ध करायला देवळाइतकी भरगच्च साक्षीदारांची यादी मला आजवर मिळाली नव्हती.

माया: त्यांनी स्वतःचा कळप विकलाय, सर. त्यांनी फसवलं नाही, ते फसले.

अनंत: ते त्यांच्या वकिलानं सांगावं.

माया: आणि लालासाहेब?

अनंत: तो आरोपी क्रमांक एक आहेच. सुटला तर सुटला. दोन नंबरचा सुटत नाही. साताऱ्याला होतो तेव्हा पाटणच्या पतपेढीची केस होती. अध्यक्ष सुटला, संचालक सुटले. शिपायाला शिक्षा लागली. वर कुणी विचारलं नाही कुणाला लागली. विचारलं, लागली का. तोंड कशाला पाडतेस? हे तूच आणलंस माझ्याकडे. मी गणपतीच्या देवळात जाणारा माणूस, मला काय ठाऊक भंडाऱ्यावर माणसं इतकी चालतात.

बिराप्पा: सायेब, मला समजंना. मी आता कुनीकडनं?

अनंत: पलीकडून, काका. लालासाहेबाच्या शेजारी.

माया: सर, माफीचा साक्षीदार करू. कायद्यात सोय आहे. मी अर्ज तयार करते.

अनंत: आहे की. मी काही राक्षस नाही. काका, नीट ऐका. कोर्टात शपथेवर सांगायचं, मेंढ्या घेणार नाहीत हे मला आधीपासून माहीत होतं. मी लालासाहेबाला सामील होतो. दोघांनी मिळून वाडीला लुबाडलं. एवढं सांगितलंत की तुम्हाला माफी. तुम्ही घरी, लालासाहेब आत.

आरोपी: पर मला ठावं न्हवतं.

अनंत: ते मला माहीतंय.

आरोपी: मग?

अनंत: ठाऊक नसेल तर माफी कशाची देणार? माफी गुन्हेगाराला असते.

माया: मामा, म्हना. एकदाच म्हनायचं. मी हाय तितं.

आरोपी: आन् वाडीत जाऊन काय सांगू? भंडारा उचलला त्यो खोटा उचलला?

माया: समजून घेतील लोकं.

आरोपी: खरं बोलाय चला म्हनून आनलंस मला, माया. घरी यिऊन, भाकरी खाऊन, सांगितलंस. आता ह्यो सायेब खोटं बोल म्हनतोय आन् तू बी त्येच म्हनतीस.

माया: तुमच्यासाठीच म्हनती.

आरोपी: पैसं गेलं, बकरी गेली. कोंडीबा वाटंत भेटला तर तोंड फिरवतोय. पर एक म्हनत न्हाई त्यो. बिराप्पा, तू खोटा उचललास, असं म्हनत न्हाई. त्ये म्या सोताच्या तोंडानं म्हनू?

अनंत: विचार करायला वेळ हवा का, काका?

आरोपी: नगं.

अनंत: बघ, माया. तू म्हणालीस तसाच निघाला. मान कापली तरी.

माया: मी ही केस चालवणार नाही.

अनंत: चालवशील. वाडीतली माणसं तुझ्यासमोर बोलतील, दुसऱ्यासमोर बोलणार नाहीत. आणि तू नाही म्हणालीस तर मी धवलला देईन. हुशार आहे, पुण्याचा आहे, त्याला मेंढी आणि शेळीतला फरक कळत नाही. तो जास्तीत जास्त शिक्षा मागेल. तू थोडी कमी माग. यात काकांचंच भलं आहे. घे, लिहून घे माझा शेरा. साक्षीदार बिराप्पा यास आरोपी क्रमांक दोन करावे. वाडीतील ठेवीदारांचे पुरवणी जबाब नोंदवावेत. 'भंडारा उचलला' नको लिहू, वर कुणाला कळणार नाही. 'धार्मिक शपथेद्वारे प्रलोभन दाखवले' लिही. लिहिलंस?

माया: लिहिलं.

अनंत: वाचून दाखव.

माया: धार्मिक शपथेद्वारे प्रलोभन दाखवले.

अनंत: संगणकावर घे. काका, तुम्ही निघा आता, विट्याची एसटी गाठायची असेल.

माया: अटक आजच, सर?

अनंत: छे. आज आपण त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलंय. बरं दिसत नाही. सोमवारी. जा, खालपर्यंत सोडून ये त्यांना.

सरकार पक्ष: मामा, भिंतीला धरून उतरा. पायऱ्या झिजल्यात.

आरोपी: उतरतो. कड्यावरनं उतरलेली मानसं आमी.

सरकार पक्ष: सोमवारी पोलीस येतील. घरीच ऱ्हावा. कुटं जाऊ नगा.

आरोपी: कुटं जानार? मेंढरं असती तर गेलो असतो मागनं.

सरकार पक्ष: मामीला आजच सांगून ठिवा.

आरोपी: तिला काय सांगू? सांगतो, मायानं खुर्चीवर बसवलं, च्या पाजला. तिला बरं वाटंल. ती तुजं लय सांगती समद्यास्नी.

सरकार पक्ष: मामा, चांगला वकील करा. मला नाव सांगता येत न्हाई. पर करा.

आरोपी: बघू. तितं माज्या इरुद्द कोन बोलनार? ह्यो सायेब?

सरकार पक्ष: न्हाई.

आरोपी: मग?

सरकार पक्ष: मी.

आरोपी: तू.

सरकार पक्ष: व्हय.

आरोपी: बोलायच्या आदी तुला शपत घालत्यात का?

सरकार पक्ष: न्हाई, मामा. साक्षीदाराला घालत्यात. वकिलाला नसती.

आरोपी: मग जमंल तुला.