कार्डावर आज्जीचं नाव

(अक्कलकोटाकडचं एक गाव. ग्रामपंचायतीत मुलांच्या ओळखपत्राचं शिबिर. नोंदणी करणारी अंकिता; समोर बजाबाई आणि तिची छोटी नात उत्कर्षा.)

अंकिता : आजी, परत सांगते. उद्यापासून अंगणवाडीतनं पोर न्यायचं तर कार्डावर नाव पाहिजे. म्हणून तर आईला आणा म्हटलं होतं.

बजाबाई : तिची आई एमआयडीसीत टॉवेल इनायच्या मागावर. दिवस उगवायला जाती, दिवे लागल्यावर येती. पोरीला रोज मीच आणती की. लिवा माझं नाव.

अंकिता : आई आली नसेल तर पोरीनं स्वतः नातं सांगायचं, असा नियम आहे. बाळ उत्कर्षा, ह्यांना काय म्हणतेस तू?... बघा. कधीची विचारतेय, तोंडच उघडत नाही.

बजाबाई : नवं माणूस दिसलं की असंच. घरात ये, चिमण्या उडून जात्यात हिच्या बडबडीनं.

अंकिता : आज शेवटचा दिवस आहे. कार्ड नसलं तर अंगणवाडीच्या ताई उद्या हिला तुमच्याकडं सोडणार नाहीत. सुनेला काम टाकून यावं लागेल.

बजाबाई : कशाला टाकती? तू बस मशीनवर, मी आपली गोष्ट सांगती. तर बाई, हिचा बाप रांगता व्हता. भीमेला ह्यो पूर! आमच्या एडक्यानं पोराला शिंगावर घेतलं आन् निघाला पोहत.

अंकिता : एडका? म्हणजे मेंढा?

बजाबाई : व्हय. पल्याड मगर बसलेली, तोंड वासून. एडका म्हणला, "मावशे, सरक."

अंकिता : आजी, बाहेर रांग लागलीय.

बजाबाई : झालंच. मगर म्हणली, "उतरायचं भाडं टाक." एडक्यानं अंगावरची लोकर दिली. मगरीनं तिचं घोंगडं इनलं...

उत्कर्षा : घोंगडं न्हाय!

बजाबाई : न्हाय? मग चादर असंल. सोलापुरी.

उत्कर्षा : कानटोपी! थंडी वाजत व्हती तिला. आज्जे, रोज तर बरोबर सांगती की!

बजाबाई : म्हातारी झाले गं. आयकलं न्हवं, बाई? कुणाला म्हणली आज्जे?

अंकिता : मुद्दाम चुकलात ना?

बजाबाई : मी? उभ्या जल्मात खोटं बोलले न्हाय मी.

अंकिता : बरं, बरं. बजाबाई... नातं, आजी. हिकडं बघा दोघी. हसू नका, फोटो हलतोय. हां, झालं. आणि उत्कर्षा, आज्जीला यायला उशीर झाला तर रडायचं नाही हं.

उत्कर्षा : कशाला रडू? तिला वाटंत कोण ना कोण भेटतंय. एडका, न्हायतर मगर.