कॅप्टनला कोणी पकडून दिलं

आजच्या या समारंभाचे माननीय अध्यक्ष आणि आपल्या ग्रामसमितीचे प्रमुख श्री. राडोये, शिक्षण खात्याचे साहेब, आमचे धर्मगुरू फादर व्लादान, व्यासपीठावर बसलेले सगळे मान्यवर, कामेना रेकाचे गावकरी, शाळेची मुलं, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आपली मुख्याध्यापिका दारिंका. कोणाचं नाव राहिलं असेल तर त्याने ते मनात घेऊन टाकावं.

मी स्तामेना. चौथीपर्यंत शिकले आणि याच शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं सूप ढवळलं. माझ्याआधी चार जण बोलले. दारिंकाबाई म्हणजे दीपस्तंभ, असं साहेब म्हणाले. साहेब, इथून समुद्र किती लांब आहे? पण असू दे, तुमच्या भावना पोचल्या. राडोये, घड्याळ बघू नकोस. तुला दोनदा सूप वाढायचे, तेव्हा मी बघत होते का घड्याळ?

छत्तीस वर्षं दारिंकाने या गावाची मुलं शिकवली. या सभागृहात जो कोणी सही करू शकतो, तो तिच्यामुळे. एवढ्या चांगल्या बाईच्या घरी आपल्यापैकी किती जण तिच्या स्लावाला, घरच्या संताच्या सणाला, गेले? हात वर करा. फादर, तुम्ही प्रार्थना म्हणायला जाता, ते धरत नाही. बाकी?

बघा. एकही नाही.

आपल्यात आडनाव बदलतं, गाव बदलतं, सरकारं तर किती बदलली. घरचा संत बदलत नाही. त्याच्या दिवशी दार उघडं ठेवायचं, कोणाला बोलवायचं नाही, लोक आपणहून येतात. दारिंकाच्या घरचा संत पेतर. तिच्या वडिलांनी, ओब्राद गिरणीवाल्याने, पंधरा उन्हाळे तीस माणसांचं टेबल मांडलं. त्यांच्यामागे तिने मांडलं. कोकरू भाजलेलं, ग्लास पुसलेले, आणि दारात चिटपाखरू नाही. का, ते सगळ्यांना माहीत आहे. ओब्रादने कॅप्टनला पकडून दिलं म्हणून.

तर आज मला त्याबद्दल बोलायचंय. सत्काराच्या दिवशी हे कशाला, असं कोणी पुटपुटलं. शनिवारनंतर दारिंका तिच्या मुलाकडे कायमची राहायला जाणार. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. मग कधी बोलू?

कॅप्टन तिहोमिर व्रान्येश. मोठ्या सैन्याने जर्मनांपुढे बंदुका खाली टाकल्या तेव्हा त्याने टाकल्या नाहीत. चाळीस माणसं घेऊन डोंगरात गेला, रेल्वेचा पूल उडवला, दोनदा. नंतर हे म्हणाले तो आमच्या बाजूचा, ते म्हणाले आमच्या. पुलावर कोणतीच बाजू लिहिलेली नव्हती. मग जर्मन गावंच्या गावं मारायला लागले. तेव्हा त्याने माणसं पांगवली आणि स्वतः ओब्रादच्या गिरणीवर गडी म्हणून राहिला. नाव मिलुटिन. दाढी काढली, कागद बदलले, पाठीला पोतं लावलं. निरोप पिठाच्या पोत्यांतून जायचे. हे गावात फक्त ओब्रादकाका आणि त्यांच्या बायकोला माहीत होतं. मला नव्हतं. मला तो फक्त आवडायचा. हसू नका, मी एकोणीस वर्षांची होते आणि बरी दिसायचे.

१९४३ चा फेब्रुवारी. तो एकदा म्हणाला, "स्तामेना, माझ्या घरच्या संताचा दिवस आलाय. एक गोल पाव भाजून देशील? छोटा. कोणाला सांगू नकोस, गड्याने स्लावा मांडली तर लोक हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. "कोणता संत?"

"त्रिफुन."

आता बघा हं. ज्याने नाव बदललं, चेहरा बदलला, चाल बदलली, त्याला संत बदलता आला नाही. खोटा दिवस सांगायचा होता! आपल्यापैकी कोणी सांगितला असता? मीही नसता सांगितला.

सकाळी पाव फडक्यात बांधून निघाले. पाणवठ्यावर बायका होत्या, हवालदाराची बायकोही होती. गावचीच, माझ्यासोबत खेळलेली.

"कोणाकडे गं, एवढी नटून?"

"गिरणीवर."

"गिरणीवाल्याची स्लावा उन्हाळ्यात असते. आज कोणाची?"

"त्यांच्या गड्याची. त्रिफुन."

"त्रिफुन? तो तर द्राक्षवाल्यांचा संत. हा कुठला गडी?"

मी तिथे गप्प बसले असते तर आज हे भाषण नसतं. पण मला मिरवायचं होतं. मी म्हटलं, "तो कसला गडी! हात बघितलेस का त्याचे? पुस्तकवाल्याचे हात आहेत."

बायका हसल्या. "तुला बरे माहीत त्याचे हात!" मीही हसले.

चावडीवर कॅप्टनच्या शोधाचा कागद चिकटवलेला होता. उंची, वय, आणि खाली, घरचा संत त्रिफुन. जर्मनाला हे सुचलं नसतं. ते आपल्याच कुठल्या तरी कारकुनाचं डोकं. मला वाचता येत होतं, पण मी तो वाचला नव्हता. हवालदारीण घरी जाऊन नवऱ्याशी सहज बोलली.

दुपारी शिपाई आले तेव्हा ओब्रादकाका आणि तो पाव हातात धरून फिरवत होते, रीतीप्रमाणे. मी चुलीपाशी होते. मागे पाण्याच्या पाटाकडे उघडणारं दार होतं. काका म्हणाले, "पळ, बर्फावर अजून पाऊल नाही." त्याने खोलीभर बघितलं. काकांची बायको, आणि पाच वर्षांची दारिंका, बाकावर बसून गव्हाचा प्रसाद खात होती. "मी पळालो तर हे घर जाळतील," तो म्हणाला. पाव मोडला, काकांचा खांदा चुंबला, मोठा तुकडा दारिंकाच्या हातात दिला, आणि स्वतःच दार उघडलं.

तिसऱ्या दिवशी चौकात आणला. अनवाणी. तो तिथे मोठमोठं बोलला असं दर वर्षी सभेत सांगतात. मी दहा पावलांवर उभी होते. दुभाष्याने विचारलं, काही बोलायचंय? तो आमच्याकडे बघून म्हणाला, "बायकांनो, पोरं घरी न्या." बस. मग गोळ्या.

ओब्रादकाकांना चार दिवसांनी सोडलं. दात पाडलेले होते, पण जिवंत. कॅप्टनने शेवटपर्यंत सांगितलं होतं की गिरणीवाल्याला मी फसवलं, त्याला काही माहीत नाही. गावाने हिशेब सोपा केला. कॅप्टन मेला, गिरणीवाला सुटला.

मी गिरणीवर गेले. "काका, पाणवठ्यावर मीच बोलले."

"माहीत आहे. हवालदाराने मला मारता मारता सांगितलं."

"मी गावाला सांगते."

"सांग. संध्याकाळच्या आत कॅप्टनची डोंगरातली पोरं येऊन तुला भिंतीला उभं करतील. मग दोन गेले. मला काय होणार आहे? लोक बोलणार नाहीत. त्याने कोणी मरत नाही. जा, तुझं पिठाचं पोतं उचल."

काका चुकले. त्याने माणूस मरतं. पंधरा वर्षं लागली, एवढंच.

लढाई संपली, डोंगरातली पोरं म्हातारी झाली, मला भिंतीला लावणारं कोणी उरलं नाही. मग का नाही बोललीस? माझं लग्न झालं होतं. सासर चांगलं होतं. आधी भीती होती, नंतर सोय झाली. आणि संत पेतरच्या दिवशी मीही गेले नाही. लोकांचं सोडा, मी गेले नाही. त्या उघड्या दारासमोरून सरळ पुढे जायचे, मान वळवून.

राडोये, चौकातल्या स्मारकाच्या दगडावर लिहिलंय, "गावातल्या एकाने घात केला." ते वाक्य खोडा. जमत नसेल तर राहू दे, पण खाली माझं नाव घाला. स्पेलिंग फादर सांगतील.

अध्यक्षांनी बोलू दिलं, माईक बंद केला नाही, त्यांचे आभार. साहेबांचे आभार, फुलं आणणाऱ्या मुलांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर तुम्ही सगळ्यांनी पोटात घालावं, तुम्हाला ते सोपं आहे.

दारिंका, तू नको घालूस. इतक्यात नको. इथे लोकांसमोर मान हलवून मला मोकळं करू नकोस, तेवढा माझा हक्क नाही. घरी जा, आईवडिलांच्या फोटोसमोर बस, आणि मग जे वाटेल ते माझ्या दारात येऊन सांग. शिवी असली तरी चालेल. मी शनिवारपर्यंत कुठे जात नाही.