चाळीस मेपल आणि माझी एक फुली

नाही, मी म्हणतो, कोणी सांगितलं होतं लिहून काढायला? अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँट राज्यातल्या कोर्टांचे पुराव्याचे नियम इतकी वर्षं जज्जांच्या डोक्यात होते, आणि डोकी बरी चालत होती! पण नाही... लिहून काढा म्हणे! अकरा वकिलांची समिती, त्यात मी, आणि चार वर्षं, तुम्हाला सांगतो, चार वर्षं! एका स्वल्पविरामापायी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं...

एका शुक्रवारी, ऐन जेवणाच्या वेळी, अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत वाचतात, "ऐकीव गोष्ट पुरावा नाही. मात्र जमिनीच्या हद्दीबद्दल गावात पूर्वापार सांगत आले असतील, तर चालेल. मंजूर?" खाली सूप निवतंय हो! मी उठलोच. "छे छे, गावगप्पा नुसत्या! काढून टाका!" भूक सगळ्यांनाच लागलेली... मारली फुली! लिहून काढा म्हणे!

मार्चात नियम लागू झाले, आणि पहिलाच खटला कुणाचा? माझा! अशील ऑर्व्हिल. त्याचे चाळीस मेपल, त्या झाडांचा गोड रस आजोबांपासून ह्याच घरचे काढतात, त्याची साखर हेच करतात, घर त्यावरच चालतं. आणि शेजारच्या डेल्बर्टच्या वकिलाला जुन्या नकाशात ती झाडं डेल्बर्टच्या बाजूला सापडली! माझी साक्षीदार कोण, तर गावातली नव्वदीची अल्मायरा मावशी. चुलीवर उकळता रस सोडून, गुडघाभर चिखल तुडवत आलेली. "अरे बाबा, हद्द त्या दगडी बांधापर्यंत, असं माझे वडील सांगा—"

"ऐकीव!" जज्जसाहेब.

"पण साहेब, हद्दीपुरता तो अपवाद..."

साहेब शांतपणे पानं उलटतात. "इथे तर नाही. कोणी काढला?"

"मी... ऐकून आहे साहेब, समितीतल्याच कुणीतरी..."

"ऐकीव!"

लिहून काढा म्हणे! ऑर्व्हिल माझ्याकडे असा बघतोय, असा बघतोय... शेवटी वकिलाने जन्मात करू नये ते केलं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला! डेल्बर्टलाच पिंजऱ्यात उभा केला, म्हटलं, "झाडं कुणाची रे?"

"ऑर्व्हिलचीच की! वकील म्हणाले, त्याला सिद्ध करता येणार नाही, तू गप्प बस. बसलो. मला विचारलंय कोणी आजवर?"

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. स्वतःच्या तोंडची कबुली ती, नव्या नियमांतही चालते, बरं का! जिंकलो की हो! ऑर्व्हिल डोळे पुसत उठला, हात पसरून माझ्याकडे आला, मीही पसरले... आणि गडी मला वळसा घालून डेल्बर्टच्या गळ्यात पडला!

आता पसरलेले हात खाली कसे घ्यायचे? मी आपला त्याच हातांनी अल्मायरा मावशीला तिचा कोट चढवला.