दुकानदारीण

घसा बसल्यामुळे मास्तरांना बोलायची बंदी होती. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून दुसरं करणार काय? ते शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकत राहिले.

"ताई, नवा मॉड मॅनेजर घेतो. गेममध्ये आपण वरून घातलेला प्रत्येक बदल, म्हणजे मॉड, तो वेगळ्या कप्प्यात ठेवतो. नको झाला की काढला, मूळ गेमला धक्का नाही."

"आणि आत्ताचा?"

"तो सगळं गेममध्येच कोंबतो. दोनशे मॉड! कोण कुणाच्या डोक्यावर बसलंय, पत्ता लागत नाही. गेम सारखा बंद पडतो."

"मग घे की नवा. माझं डोकं कशाला खातोस?"

"आधी जुना गेम पुसावा लागेल."

"पूस."

"दुकानदारीण जाईल."

"कोण?"

"अगं, गेममधली, आईच्या आवाजातली. 'घ्यायचं नसेल तर हात लावू नका!' म्हणते ती. ती मी हाताने घातली होती. त्या ढिगात कुठे, ते आता सापडत नाही."

"मूळ रेकॉर्डिंग?"

"जुन्या फोनबरोबर गेलं."

"धन्य आहेस! मग आईच्या गळ्याची पट्टी सुटली की तिच्याकडून परत बोलून घे. त्यात काय एवढं?"

"हो, तेही खरंच."

दार उघडलं. गळ्याला पट्टी बांधलेली आई बाहेर आली.

"काय म्हणाले गं डॉक्टर? कधीपासून बोलायचं?" मुलाने विचारलं.

आईने मुलाची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे, या महिन्यात नाही? पुढे कधीतरी?"

आईने पुन्हा मान हलवली.

तिघं जिन्यापर्यंत गेली.

"ताई."

"हं."

"जुनाच राहू दे. पडला बंद तर पडला."