पांढऱ्या फडक्यातला डबा

विक्यापुढं तेवढं डब्याचं नाव काढू नका. जिओकॅशिंग म्हणत्यात त्या खेळाला. कुणीतरी डबा लपवायचा, नेटवर कोडी टाकायची आणि आपण ती सोडवत डब्यापतोर जायचं.

विक्या आमचा उंब्रजचा. आर्मीची भरती हुकली, पोलिसाची हुकली, ठरलेलं लग्न मोडलं. मला म्हणाला, "गड्या, ह्यो एक डबा तरी माझ्या हाताला लागू दे."

लय दिवस डोकं फोडून सगळी कोडी सोडवली. शेवटचं उत्तर निघालं: सांगलीचा आयर्विन पूल, खालच्या दगडांत, पांढऱ्या फडक्यात बांधलेला डबा. तशीच गाडी मारली. जागा बरोबर घावली, पण डबा न्हाई.

घाटावर एक रिटायर सुभेदार बसलेले. विक्यानं इचारलं, "आवं, हितं पांढऱ्या फडक्यातला डबा बघितला का?"

म्हातारा ताडकन उठला. "तुझा व्हय त्यो? लाज वाटत न्हाई? अस्थी अशा दगडात कोंबून जातं का कोण? आज सकाळी मीच आंघोळ करून, फुलं वाहून, न उघडता डब्यासकट कृष्णामाईत सोडल्या!"

विक्या मटकन खाली बसला. त्याचं तोंड बघून म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "कोण हुतं रं तुझं?"

विक्यानं हंबरडाच फोडला. मी गप करायला गेलो, तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला.

"रडू दे त्याला. डबा ठेवला तवाच रडला असता, तर एवढं साचलं नसतं."