ताटाची डावी बाजू

बाबाराव : नाही इथे. तू म्हणून राहिली फाईल, मले तर फाईल कुठंच दिसून नाही राहिली.

गंधाली : बाबा, ऊपर. कोपऱ्यात.

बाबाराव : कोपऱ्यात एक आडवी रेघ आहे, एक चौकोन आहे अन् एक फुली आहे. फाईल नाही.

गंधाली : तो नाही, दूसरा कोना. हे बघा, माझं बोट.

बाबाराव : हां. आता आली. तू काहीतरी दाबलं.

गंधाली : मैंने कुछ नहीं दबाया. ती तिथेच होती.

बाबाराव : मग तुह्या लॅपटॉपची तब्येत माह्यापेक्षा खराब आहे. वस्तू लपवते, अन् तू बोट लावलं की काढून देते.

पद्मिनी : अहो, ताट वाढलंय. आधी जेवून घ्या.

गंधाली : आई, यहीं दे दे, टेबलावर. बाबा नहीं उठेंगे.

पद्मिनी : उठणार नाहीत आणि ऐकणारही नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून हेच चाललंय. मी शेजारी बसून विचारते, गोळी घेतली का. हे समोरच्या भिंतीकडे पाहतात. नवऱ्याला बायकोचा कसला राग आलाय, ते तरी कळू दे.

बाबाराव : कोणाले राग आला? तू कधी विचारलं?

पद्मिनी : सकाळी विचारलं. आत्ता विचारलं.

बाबाराव : माह्या डोक्यात सोमवार फिरून राहिला, पद्मा. शेठजी काय म्हणाले? बाबाराव, हात बरा झाला, पाय बरा झाला, देवाची दया. पण भनपुरीच्या गोडाऊनचं रजिस्टर आता बंद. सोमवारी गाड्यांचा तक्ता माह्यासमोर बसून एक्सेलमध्ये बनवा, खुर्ची तुमचीच. नाही तर विशाल बसलाच आहे तिच्यावर. त्याले मीच शिकवलं, बिल्टी म्हणजे मालाची पावती, ते.

गंधाली : सीख लोगे बाबा. किताब अच्छी है. ‘घर बैठे सीखिए’, सगळं चित्रं काढून समजावलंय.

बाबाराव : किताब? ही किताब कोण्या पागलानं लिहिली आहे. एक वाक्य धड नाही. माणूस शिकणार कसा?

गंधाली : असं कसं? पढ़ के सुनाओ ना.

बाबाराव : ऐक. ‘पर क्लिक करें.’ कशावर? पत्ता नाही. ‘नाम लिखें.’ कोणाचं? ‘बटन दबाएँ.’ कोणतं? हे काय शिकवणं आहे? मी ड्रायव्हरले म्हटलं, ‘ला माल पोचव,’ अन् गावाचं नावच नाही सांगितलं, तर गाडी कुठं जाईल?

गंधाली : …बाबा, पुन्हा वाचा. वही लाइन.

बाबाराव : ‘पर क्लिक करें.’ छापलं तेच वाचून राहिलो.

गंधाली : और ये तक्ता? हा सकाळी तुम्हीच बनवला ना? गाडी नंबर इथे, इतका लांब का लिहिला? पहला कॉलम रिकामा, दूसरा खाली, तीसरा खाली.

बाबाराव : खाली कुठं? सुरुवातीपासूनच लिहिलं.

पद्मिनी : जेवा आधी. पोळी वातड होते.

बाबाराव : जेवतो. पण आज तरी चटणी वाढायची होती. पथ्य पथ्य म्हणून चिमूटभर चटणीनं काय डोक्यातली नस पुन्हा फुटणार होती?

पद्मिनी : वाढली आहे की.

बाबाराव : कुठं? भाजी आहे, वरण आहे, पोळी आहे. कोशिंबीर नाही, मीठसुद्धा नाही. घरात माणसाले असं अळणी वाढतात का?

पद्मिनी : अहो, मस्करी पुरे. जिथे रोज वाढते तिथेच वाढली आहे. आणि रोज तुम्ही ती तशीच टाकता. मला वाटलं, पथ्य पाळताय. मी आपली गुपचूप चटणी परत डब्यात भरते आणि मनात म्हणते, चला, या माणसाने आयुष्यात एकदा तरी डॉक्टरचं ऐकलं.

गंधाली : आई, थांब. बाबा, एक काम करा. या कागदावर मी लाइन खींची आहे. बिलकुल मधोमध एक खूण करा.

बाबाराव : हे काय, बालवाडी?

गंधाली : करा ना, प्लीज.

बाबाराव : घे. झालं. पट्टी लावून पाहा, बरोबर मध्यावर आहे.

गंधाली : आई, तू देख.

पद्मिनी : …हे मध्य नाही. हे पार उजव्या टोकाशी आहे.

बाबाराव : तुम्ही दोघी मिळून मले येडा बनवून राहिल्या.

गंधाली : नहीं बाबा. ऐका. नस डोक्याच्या उजव्या बाजूची होती ना? आँखें ठीक हैं आपकी. पण डोकं डाव्या बाजूला गिनतच नाही, उधर की आवाज़ भी नहीं. जैसे वो तरफ़ है ही नहीं. फिजिओच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं आम्हाला, यही लाइन वाला टेस्ट. मला वाटायचं, असा पेशंट बघायला मिळाला पाहिजे.

बाबाराव : मिळाला मग. पण मले सगळं दिसते. पंखा दिसते, तू दिसते, दार दिसते. आंधळ्याले दिसते का?

पद्मिनी : थांबा. आमच्याकडे मीठ, चटणी, कोशिंबीर ताटात डावीकडे वाढतात आणि भाजी उजवीकडे. माझ्या आईने शिकवलं तशीच मी आजवर वाढत आले. बरोबर?

बाबाराव : बरोबर. त्याचं काय?

पद्मिनी : त्याचं हे.

(ती ताट जागच्या जागी अर्धं फिरवते.)

बाबाराव : …चटणी.

पद्मिनी : हं.

बाबाराव : जवसाची आहे. अन् काकडीची कोशिंबीर. पण… भाजी कुठं नेली?

पद्मिनी : कुठेही नेली नाही. माझा हात तुम्ही पाहिलात. मी फक्त ताट फिरवलं.

गंधाली : बाबा?

बाबाराव : थांब पोट्टे. जरा गप्प बस.

पद्मिनी : परवा पंडरीच्या बाजारातून आलात तेव्हा स्कूटरचा आरसा तुटलेला होता.

बाबाराव : सांगितलं ना, कोणीतरी उभ्या गाडीले ठोकून गेलं.

पद्मिनी : तुम्ही पाहिलंत ठोकताना?

बाबाराव : नाही.

पद्मिनी : कोणता आरसा?

बाबाराव : पद्मा, सोड ना आता.

पद्मिनी : डावा. खालचा पत्राही डाव्या बाजूलाच खरवडलाय. चाबी द्या.

बाबाराव : चाबी देऊन मी भनपुरीले जाऊ कसा? सोमवारी सकाळी गोडाऊनवर पोचायचं आहे. शेठजीसमोर मी बायकोच्या मागं बसून जाऊ? विशाल गेटवरच उभा राहते. त्याच्या तोंडावर हसू नाही मावणार.

पद्मिनी : नाही मावलं तर नाही. हसू दे त्याला. अहो, तिथे रिंग रोडला सायकलवाले, पायी जाणारे, सगळे रस्त्याच्या कडेने चालतात. म्हणजे तुमच्या डावीकडून. परवा आरसाच गेला म्हणून आपण आरशाचं बोलतोय. त्या जागी कुणाची शाळेतून येणारी पोरगी असती, तर आज आपण काय बोलत असतो?

बाबाराव : …मले खरंच काही दिसलं नाही, पद्मा. आवाज आला. मले वाटलं, मागं काहीतरी पडलं.

पद्मिनी : माहीत आहे. चाबी.

बाबाराव : खिशात आहे. डाव्या. तूच काढ.

गंधाली : बाबा, इकडे बघा. ये ठीक होता है. सगळं नाही, पण बरंच होतं. मेहनत करावी लागते. आई, तुझ्याकडे लाल टिकली आहे ना? मोठी वाली.

पद्मिनी : आहे. डबीतली घे, माझ्या कपाळाची नको.

गंधाली : ही स्क्रीनच्या डाव्या काठावर लावली. और ये किताब के पन्ने पर. आता नियम एकच. लाल टिकली दिसेपर्यंत मान वळवायची. दिसली की मग वाचायला सुरुवात. हर लाइन में.

बाबाराव : हर लाइन में?

गंधाली : हर लाइन में.

बाबाराव : मानेचा काटा ढिला होईल.

गंधाली : होऊ दे. तेल मैं लगा दूँगी.

बाबाराव : थांब… नाही दिसून राहिली. कुठं लावली?

गंधाली : और थोड़ा. अजून. अजून, बाबा.

बाबाराव : …दिसली.

गंधाली : आता तिथून वाचा.

बाबाराव : ‘सबसे पहले फ़ाइल पर क्लिक करें.’ अरे. ‘खुलने वाले पन्ने पर अपना नाम लिखें.’ …ह्या माणसानं तर सगळं बरोबर लिहिलं होतं.

गंधाली : पागल नहीं था ना?

बाबाराव : नाही. त्याचं सोड. हे दमवून टाकते, पोरी. एका ओळीतच घाम फुटला. अशानं गाड्यांचा तक्ता मी कधी भरू? अन् शेठजीले काय सांगू?

पद्मिनी : जे आहे ते.

बाबाराव : मग ते ठेवतील?

पद्मिनी : ते मला सांगता येत नाही. कदाचित नाही ठेवणार. पण तुम्ही न सांगता बसलात आणि एखादी गाडीच तक्त्यात आली नाही, तर विशालला खुर्ची ओढावीसुद्धा लागणार नाही. सोमवारी गंधाली सोडेल तुम्हाला. टिकली लावूनच बसा त्यांच्यासमोर.

गंधाली : मैं साथ में अंदर भी आऊँगी.

बाबाराव : नको. गेटपर्यंत ये. आतमंदी माहं मीच सांगीन.

पद्मिनी : चला. जेवा आता. भाजी कुठे आहे, शोधा.

बाबाराव : …सापडली. वांगी केली तू?

पद्मिनी : तुम्हीच सांगितली होती.

बाबाराव : पद्मा, एक विचारू? तू म्हणाली, शेजारी बसून विचारत होती. गोळीचं. रोज.

पद्मिनी : रोज.

बाबाराव : कोणत्या बाजूले बसत होती?

पद्मिनी : लग्न झाल्यापासून बसते त्याच. तुमच्या डाव्या हाताला.

बाबाराव : मले वाटे, तूच बोलणं सोडलं. आजारी माणसाचा कंटाळा आला असन. …तू उद्यापासून इकडं बसत जा ना. ह्या बाजूले. मले दिसशील.

पद्मिनी : नाही. मी इथेच बसणार. तुम्ही मान वळवा.